ब्रुसेल्सचे दरवाजे आणि उरल्याच्या भट्ट्या

२०२६ च्या १ जानेवारीला रायपूरच्या उत्तरेकडील उरला औद्योगिक क्षेत्रात वरवर पाहता काहीही बदलले नाही. स्पंज आयर्नच्या भट्ट्या नेहमीसारख्या धगधगत होत्या आणि कोळसा व लोहखनिज घेऊन आलेल्या ट्रकांची रांगही नेहमीचीच होती. मात्र त्याच दिवशी युरोपीय संघाच्या २७ देशांत एक कायदा अंतिम स्वरूपात लागू झाला. ‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’ असे त्याचे लांबलचक नाव. व्यापारी वर्तुळात तो ‘सीबॅम’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या वस्तू बाहेरून संघात आणणाऱ्या आयातदाराला, त्या बनविताना किती कर्बवायू हवेत गेला याचा हिशेब आता द्यावा लागणार आहे आणि त्या प्रमाणात प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागणार आहेत. पैसे भरण्याची जबाबदारी युरोपातील आयातदाराची असली, तरी तो ती आपल्या खिशात ठेवणार नाही, हे ओघानेच आले. तो आकडे मागेल आणि आकडे वाईट असतील तर भाव पाडून मागेल.

उरल्याचा बहुतेक माल देशातच खपतो, तेव्हा या कायद्याची झळ येथवर पोहोचणार नाही, असे समजणारे पुष्कळ आहेत. हा समज फार काळ टिकणारा नाही. कायद्याच्या कक्षेत केवळ कच्चे पोलाद नाही. नळ्या, बोल्ट, स्क्रू असा घडविलेला मालही आहे. अशा मालासाठी जे बिलेट किंवा जे स्पंज आयर्न वापरले गेले, त्याचा कर्बभारही तयार मालाच्या हिशेबात धरला जातो. म्हणजे उरल्यातील भट्टीचा मालक स्वतः एक टनही निर्यात करत नसला, तरी त्याचा माल घेऊन वस्तू बनविणारा दूरच्या शहरातील कारखानदार जर युरोपात विकत असेल, तर हिशेबाचा धागा उरल्यापर्यंत येतोच. जालन्याच्या किंवा नागपूरजवळच्या भट्ट्यांनाही हेच लागू आहे.

या निर्णयाबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते तिचा सूर ठरलेला असतो. ‘ब्रुसेल्सने ठरविले’, ‘युरोपने लादले’ असे म्हटले जाते आणि निषेधाचे एखादे पत्रक काढून विषय संपतो. निषेधाचे कारण खोटे नाही. शतकानुशतके कोळसा जाळून जे देश श्रीमंत झाले, त्यांनी आता उशिरा उद्योगात आलेल्यांकडून धुराचे पैसे मागावेत, यात न्याय कोणता, हा प्रश्न रास्तच आहे. हवामानविषयक जागतिक करारांत सर्वांची जबाबदारी समान मानली असली, तरी तिचे ओझे प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे वेगळे असावे, हे तत्त्व १९९२ पासून मान्य झालेले आहे. पण न्यायाचा प्रश्न मांडायचा, तर तो कोणापुढे मांडायचा हे आधी कळले पाहिजे. खरी मेख येथेच आहे. ‘ब्रुसेल्स’ नावाचा कोणी एक सत्ताधीश अस्तित्वात नाही. तेथे अनेक संस्था आहेत, त्यांचे अधिकार वेगळे आहेत आणि एकीचे दार बंद होते तेव्हा दुसरीचे उघडे असते.

या संस्थांपैकी सर्वांत वरची, पण कायदा न करणारी संस्था म्हणजे युरोपीय शिखर परिषद. सदस्य देशांचे राष्ट्राध्यक्ष किंवा पंतप्रधान येथे बसतात आणि संघाची दिशा ठरवितात. कायद्याचा मसुदा मांडण्याचा अधिकार मात्र जवळजवळ एकट्या युरोपीय आयोगाचा आहे. आयोगात प्रत्येक देशाचा एक असे २७ आयुक्त असतात. पण पदावर असताना त्यांनी आपापल्या सरकारकडून सूचना घेऊ नयेत, असे बंधन आहे. आयोगाने मांडलेला मसुदा दोन सभागृहांपुढे जातो. त्यांपैकी एक मंत्रिपरिषद. तिचे सभासद विषयागणिक बदलतात. अर्थविषयक बैठकीला अर्थमंत्री येतात, पर्यावरणाच्या बैठकीला पर्यावरणमंत्री. तिचे अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी एका देशाकडून दुसऱ्याकडे जाते. दुसरे सभागृह म्हणजे युरोपीय संसद. १९७९ पासून तिचे सदस्य थेट जनतेतून निवडले जातात. २०२४ च्या निवडणुकीपासून त्यांची संख्या ७२० आहे. संसद स्वतः विधेयक आणू शकत नाही. पण आलेले विधेयक बदलू शकते, अडवू शकते, फेटाळूही शकते. या सर्वांच्या वर लक्झेंबर्गचे न्यायालय कराराच्या अर्थाचा शेवटचा शब्द बोलते.

मंत्र्यांच्या बैठकीपूर्वी सदस्य देशांच्या कायमस्वरूपी राजदूतांची समिती बसते आणि बहुतेक वाद तेथेच मिटतात. मंत्र्यांपुढे जाते ते उरलेसुरले. सचिव समितीतून निघालेली टिपणी मंत्रिमंडळाने संमत करावी, तसाच हा प्रकार आहे. सरकारी कारभार आतून पाहिलेल्या वाचकाला तो परका वाटू नये.

सीबॅमचा कायदा या सर्व पायऱ्या चढत कसा गेला, हे पाहण्यासारखे आहे. आयोगाने १४ जुलै २०२१ रोजी मसुदा मांडला. तो मांडतानाच एक चतुराई केली गेली. संघाच्या मूळ करारानुसार कराविषयीच्या तरतुदींना सर्व देशांची एकमुखी संमती लागते; एका देशाने मान हलविली की सारे ठप्प. पर्यावरण रक्षणाच्या कलमाखाली आणलेल्या कायद्याला मात्र विशेष बहुमत पुरते. विशेष बहुमत म्हणजे किमान १५ देश आणि त्यांच्यात मिळून संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या. म्हणून हा कर नव्हे, ‘समायोजन यंत्रणा’ आहे, असे आयोगाने म्हटले आणि ती पर्यावरणाच्या कलमाखाली मांडली. आपल्याकडे सर्रास ‘कार्बन कर’ म्हणून जिचा उल्लेख होतो, ती कागदोपत्री कर नाही, याचे कारण शब्दच्छल एवढेच नाही. कर म्हटले असते तर एका देशाच्या नकाराधिकारावर ती कदाचित अडली असती. संस्थेच्या मतदानाचा नियम कायद्याचे नावसुद्धा ठरवितो, तो असा.

पुढचा प्रवासही सरळ झाला नाही. अर्थमंत्र्यांच्या परिषदेने १५ मार्च २०२२ रोजी आपली भूमिका ठरविली. संसदेत मात्र ८ जून २०२२ रोजी गाडी घसरली. युरोपातील कारखान्यांना प्रदूषणाचे जे परवाने फुकट मिळतात ते कधी बंद करायचे, यावर पक्षांचे जमले नाही. परवाना-व्यापाराच्या सुधारणेचा अहवालच सभागृहाने फेटाळला आणि त्याला जोडलेले सीबॅमवरील मतदान पुढे ढकलावे लागले. दोन आठवड्यांनी, २२ जूनला, तडजोड होऊन ते पार पडले. त्यानंतर आयोग, मंत्रिपरिषद आणि संसद यांच्या प्रतिनिधींच्या त्रिपक्षीय बैठका बंद दाराआड चालल्या आणि १३ डिसेंबर २०२२ ला समझोता झाला. १८ एप्रिल २०२३ रोजी संसदेने ४८७ विरुद्ध ८१ मतांनी कायदा संमत केला. ७५ सदस्य तटस्थ राहिले. आठवड्याभरात मंत्रिपरिषदेची संमती मिळाली आणि १० मे रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. मसुद्यापासून स्वाक्षरीपर्यंत २२ महिने गेले. पुढे १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ हा काळ केवळ माहिती देण्याचा, पैसे न भरण्याचा होता.

या घासाघिशीचा उरल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. फुकट परवाने २०३२ मध्ये संपवावेत असे संसदेचे म्हणणे होते, मंत्रिपरिषद २०३५ वर अडून होती, तडजोड २०३४ वर झाली. ज्या गतीने युरोपातील कारखान्यांची ही सवलत कमी होते, त्याच गतीने बाहेरच्या मालावरील भार वाढतो. २०२६ मध्ये हा भार पूर्ण हिशेबाच्या २.५ टक्के आहे, २०३० मध्ये तो ४८.५ टक्के होईल आणि २०३४ मध्ये शंभर टक्के. म्हणजे आज जी झळ जाणवत नाही ती चार वर्षांत निम्म्यावर आणि आठ वर्षांत पूर्णत्वास जाईल. उरल्यातील एखादी भट्टी नव्याने बांधायची की तशीच चालवायची, याचे वेळापत्रक ज्या टेबलांवर ठरले, त्यांच्याभोवती उरल्याचे कोणीही बसलेले नव्हते.

तरीही ही दारे सर्वस्वी बंद होती असे नाही. आयोग मसुद्यापूर्वी आणि नंतरही जाहीर हरकती-सूचना मागवितो आणि त्या संघाबाहेरच्या संस्थांनाही देता येतात. मूळ कायदा झाल्यावर मोजणी कशी करावी, पडताळणी कोणी करावी, आकडे नसतील तेव्हा काय गृहीत धरावे, हे सारे अंमलबजावणीच्या नियमांतून ठरते. ते नियम सदस्य देशांच्या अधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातात आणि सामान्यतः त्यांचे मसुदे चार आठवडे खुले असतात. बहुतेक तंटे मंत्र्यांच्या भाषणांत मिटत नाहीत, या तळटिपांत मिटतात. आपल्या वर्तमानपत्रांनी भाषणांच्या बातम्या छापल्या. तळटिपांकडे फारसे कोणी पाहिले नाही.

पाहणाऱ्यांना काय मिळते याचे उदाहरण २०२५ मध्येच घडले. थोडाथोडका माल आणणाऱ्या युरोपातील लहान आयातदारांनी कागदपत्रांच्या ओझ्याविरुद्ध आवाज उठविला. आयोगाने २६ फेब्रुवारी २०२५ रोजी सुधारणा मांडली आणि ऑक्टोबरात ती कायदा झाली. वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणारा आयातदार यंत्रणेतून सुटला आणि २०२६ च्या आयातीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांची विक्री फेब्रुवारी २०२७ पर्यंत लांबली. दगडावरची रेघ वाटणारा कायदा आठ महिन्यांत बदलला. तो बदलला कारण ज्यांना त्रास होत होता त्यांना कोणत्या दारावर केव्हा थाप मारायची हे ठाऊक होते.

या संघाच्या रचनेतील आणखी एक गोष्ट भारतीय वाचकाने ध्यानात घ्यावी अशी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कॅनडाशी होणारा व्यापार करार बेल्जियममधील वालोनिया या एका प्रांताने अडवून धरला. बेल्जियमच्या राज्यघटनेप्रमाणे अशा करारावर सही करण्यास प्रांतिक विधिमंडळांची अनुमती लागते. जेमतेम ३५ लाखांच्या वालोनियाने ती नाकारली आणि तेव्हाचे २८ देश, त्यांची राजधानी आणि कॅनडाचे पंतप्रधान काही दिवस तिष्ठत राहिले. स्पष्टीकरणे आणि आश्वासने मिळाल्यावरच वालोनिया नमले. वालोनिया हा जुन्या कोळसा-पोलादाच्या उद्योगाचा, बंद पडलेल्या भट्ट्यांचा प्रदेश आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

तशाच उद्योगावर जगणाऱ्या छत्तीसगडला असा अधिकार नाही. परदेशांशी करार करणे हा भारतात पूर्णपणे केंद्राचा विषय आहे आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी राज्यांच्या विषयावरही कायदा करण्याची मुभा घटनेच्या २५३ व्या कलमाने संसदेला दिली आहे. युरोपीय संघाशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि २७ जानेवारी २०२६ रोजी त्या पूर्ण झाल्याचे दिल्लीत जाहीर झाले. वाटाघाटी पूर्ण होणे म्हणजे करार अमलात येणे नव्हे. युरोपच्या बाजूला मंत्रिपरिषदेचा निर्णय आणि संसदेची संमती या पायऱ्या असतात. भारताच्या बाजूला मात्र पोलादाच्या राज्यांचे म्हणणे विचारण्याची कोणतीही घटनात्मक पायरी नाही. हा दोष युरोपचा नाही.

ज्या ठिकाणी राज्यांना खुर्ची आहे, तेथील अनुभवही बोलका आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेली जीएसटी परिषद ही केंद्र व राज्ये यांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची आपली सर्वांत महत्त्वाची संस्था. तिच्यात केंद्राच्या मताला एक-तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन-तृतीयांश वजन आहे. निर्णयाला तीन-चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राच्या मर्जीविरुद्ध काही होऊ शकत नाही, आणि महाराष्ट्राचे व छत्तीसगडचे मत सारख्याच वजनाचे. युरोपीय मंत्रिपरिषदेत लोकसंख्याही मोजली जाते, येथे ती मोजली जात नाही. नवी करपद्धती माल जेथे खपतो तेथे महसूल देते, जेथे बनतो तेथे नाही. त्यामुळे पोलाद, वीज, सिमेंट बनवून बाहेर पाठविणाऱ्या छत्तीसगडसारख्या राज्याला भरपाईचा आधार हवा होता. तो पाच वर्षांचा ठरला आणि ३० जून २०२२ ला संपला. उत्पादक राज्यांनी तक्रारी केल्या, पत्रे लिहिली. मुदत वाढली नाही. खुर्ची मिळाली म्हणजे म्हणणे मान्य झाले असे नाही. पण खुर्चीमुळे निदान तक्रार इतिवृत्तात नोंदविली गेली आणि तिला उत्तर द्यावे लागले. उरल्याच्या बाबतीत परदेशी व्यापाराच्या टेबलावर एवढेही घडत नाही.

तेव्हा आता करायचे काय? पहिली गोष्ट मोजमापाची. केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे भारतात एक टन कच्चे पोलाद बनविताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कर्बवायू निघतो. जगाची सरासरी १.९ टन आहे. सरासरीच्या या आकड्यात चांगला कारखाना आणि वाईट कारखाना एकाच मापाने मोजले जातात. युरोपचा नियम असा आहे की ज्याने स्वतःचे पडताळलेले आकडे दिले नाहीत, त्याच्या मालाला गृहीत आकडा लावायचा आणि तोही वाढवून. म्हणजे न मोजण्याची शिक्षा मोजण्याच्या खर्चाहून मोठी. शिवाय या कायद्यात पोलादासाठी तूर्त थेट उत्सर्जनच धरले आहे, विजेचे नाही. इंडक्शन भट्टीची वीज कोळशाची असली तरी तिचा भार लागत नाही. जुन्या लोखंडाचा भंगार माल तर शून्य भाराचा मानला जातो. मात्र त्याच भट्टीत कोळशावर बनलेले स्पंज आयर्न ओतले की त्याचा सारा भार पोलादाच्या अंगावर येतो. उरल्याची दुखरी नस नेमकी कोठे आहे हे एवढ्यावरून दिसते. पण उरल्यातील किती लहान कारखानदारांना हे नीट समजावून सांगण्यात आले आहे?

दुसरी गोष्ट पैशाची. निर्मितीच्या देशात कर्बवायूची किंमत खरोखर भरली गेली असेल, तर ती युरोपातील हिशेबातून वजा करण्याची तरतूद कायद्यातच आहे. भारताने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त केला आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. ती पोलादापर्यंत नीट पोहोचली, तर जो पैसा युरोपच्या तिजोरीत जायचा तो येथेच राहील आणि येथील भट्ट्या सुधारण्यासाठी वापरता येईल. परंतु लहान घटक त्या योजनेच्या कक्षेबाहेर राहिले, तर वजावट मोठ्यांना मिळेल आणि भार लहानांवर राहील. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असलेल्या पोलादाला ‘हरित’ ठरविणारी प्रतवारी जाहीर केली. तीत बसण्याची ऐपत उरल्यातील कोणाची आहे आणि कोणाची नाही, याची यादी राज्य सरकारच्या उद्योग विभागाकडे असायला हवी. ती नसेल तर दिल्लीतील अधिकारी ब्रुसेल्समध्ये उरल्याची बाजू कशाच्या आधारावर मांडणार?

तिसरी गोष्ट सर्वांत जवळची, आणि तीच बहुधा विसरली जाते. युरोपचा कायदा कर्बवायू मोजतो. उरला, सिलतरा आणि बीरगावच्या गच्च्यांवर रोज साचणारी काळी भुकटी मोजत नाही. तो वायू डोळ्यांना दिसत नाही, ही भुकटी दिसते. धूळ पकडणारी यंत्रे वीज वाचविण्यासाठी रात्री बंद ठेवली जातात, ही तेथील रहिवाशांची जुनी तक्रार आहे. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आणि राज्याच्या खेड्यांतून आलेला मजूर जी हवा घेतो, तिच्या बाजूने ब्रुसेल्समधील कोणतीही संस्था बोलणार नाही. त्यासाठी रायपुरातील पर्यावरण संरक्षण मंडळ आहे, महापालिका आहेत, विधानसभा आहे. परदेशी कायद्याच्या अन्यायाविरुद्ध बोलताना या संस्थांची जबाबदारी झाकली जाणार नाही, याची काळजी घेतली पाहिजे. भट्टीची जुनी रचना बदलली तर वायूही कमी होईल आणि भुकटीही. पण वायूसाठी परदेशी गिऱ्हाईक आग्रह धरील, भुकटीसाठी आग्रह धरणारे येथलेच असावे लागतील.

दूरवरून येणाऱ्या हुकमांची रायपूरला सवय आहे. भोसल्यांच्या काळी निर्णय नागपूरहून येत, पुढे मध्य प्रांताची राजधानीही नागपूरच होती. १९५६ नंतर निर्णय भोपाळहून येऊ लागले आणि १ नोव्हेंबर २००० पासून राजधानी येथेच आली. कारभाराच्या निमित्ताने येथे येऊन स्थिरावलेल्या मराठी घराण्यांच्या पिढ्यांनी हा प्रवास पाहिला आहे. राज्य वेगळे मागण्यामागचे एक मुख्य म्हणणे हेच होते की जेथे परिणाम भोगावे लागतात तेथल्या लोकांचा निर्णयात वाटा असावा. राजधानी जवळ आली, परंतु काही निर्णय त्याच काळात आणखी दूर, समुद्रापलीकडे गेले. तेथे मत देण्याचा अधिकार उरल्याला कधीच मिळणार नाही. मसुदे मात्र प्रसिद्ध होतात, हरकतींच्या मुदती जाहीर होतात आणि बैठकींच्या तारखा आधी कळतात. मताच्या अभावी हातात राहते ती माहिती, आणि ती वेळेवर वापरण्याची शिस्त. राज्याच्या उद्योग विभागात हे कागद वाचणारी, त्यांचा अर्थ उरल्यातील कारखानदाराला त्याच्या भाषेत सांगणारी आणि त्याचे आकडे दिल्लीपर्यंत नेणारी चार माणसे नेमण्यास घटनादुरुस्ती लागत नाही. २०३० ला, म्हणजे भार निम्म्यावर यायला, आता फार अवधी उरलेला नाही.